पँट बसते ती आसनापाशी

मैत्रिणींनो, घरी शिवलेली पँट आपण पहिल्यांदा अंगात घालतो, आरशासमोर वळून मागची बाजू पाहतो आणि काहीतरी चुकले आहे असे दिसताच ब्लेड घेऊन बाजूची शिवण उसवायला बसतो. शिवणवर्गात गेली २२ वर्षे मी हे पाहत आले आहे, आणि सुरुवातीला मीही हेच करत असे. माझी पहिली पँट जाड ड्रिलच्या कापडाची होती. खाली बसले की मागून कंबर ओढली जाऊन खाली जायची, म्हणून मी दोन्ही बाजूंच्या शिवणी पाव-पाव इंच सैल केल्या. शिवणी दोन, प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन थर, म्हणजे एकंदर घेर पूर्ण एक इंचाने वाढला. त्यामुळे मांडीवर कापड लोंबू लागले, आणि बसल्यावर कंबर मात्र पूर्वीइतकीच खाली जात राहिली. माझ्या पँटीला घेर कमी नव्हता, मागच्या आसनाची लांबी कमी होती. आसन म्हणजे कमरेच्या पुढच्या मध्यापासून दोन पायांमधून मागच्या मध्यापर्यंत जाणारी शिवण. लांबीची उणीव घेराने भरून निघत नाही, आणि आजचे माझे सगळे बोलणे या एकाच गोष्टीभोवती आहे.

कुर्ता खांद्यावरून लोंबतो, परकर कमरेवरून लोंबतो. पँट मात्र कमरेवरून निघते, दोन पायांमधून जाते आणि पुन्हा कमरेपर्यंत वर येते. नऊवारीचा कासोटाही याच वाटेने जातो, पण तो नेसताना दर वेळी नव्याने ओढून खोचला जातो, त्यामुळे नेसणारीच्या शरीराला लागेल तेवढे कापड तिथे आपोआप मिळते. सलवारीत किंवा जुन्या पद्धतीच्या लेंग्यात पायांच्या सांध्यात मियानीचा तुकडा असतो आणि भोवती भरपूर घेर असतो, म्हणून मापात इंचभर चूक झाली तरी ती झाकली जाते. हल्ली आपण कुर्त्याखाली जी सरळ, निमुळती पँट घालतो, तिच्यात यांपैकी कोणतीच सवलत नाही. तिथे शरीराचा आकार कापडातच कापून ठेवावा लागतो आणि तो आकार मुख्यतः आसनाच्या वळणात असतो.

आपण मापे घेतो ती कंबर, सीट म्हणजे बैठकीचा घेर, मांडी, गुडघा, मोहरी म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाचा घेर, आणि उंची. आसनाचे मापही घेतो, पण ते बहुधा एकच असते. कमरेला इलॅस्टिक बांधून कडक बैठकीच्या खुर्चीवर ताठ बसायचे आणि बाजूने इलॅस्टिकपासून बैठकीपर्यंत टेप धरायची, ही आसनाची खोली. हे माप आवश्यकच आहे. त्यात अर्धा ते पाऊण इंच मिळवला म्हणजे आसन किती खाली असावे ते कळते. पण कमरेच्या पुढच्या मध्यापासून पायांमधून मागच्या मध्यापर्यंत जी वाट जाते, तिची लांबी या मापाने कळत नाही, आणि त्या लांबीपैकी किती पुढे हवी व किती मागे हवी हे तर मुळीच कळत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दोघीजणी एकाच वेळी पँट शिवत होत्या. दोघींची कंबर ३४ आणि सीट ४०. बसून घेतलेली आसनाची खोलीही सारखीच आली, म्हणून मी दोघींना एकच कागदी कटिंग दिले. एकीच्या पँटीला मागे, बैठकीच्या खाली, दोन-दोन आडव्या सैल घड्या पडल्या. दुसरीची पँट उभी असताना बरी दिसे, पण ती खाली बसली की मागची कंबर दोन बोटे खाली सरके आणि शिवण रुते. तेव्हा मी टेप पायांमधून घेऊन पूर्ण लांबी मोजली. पहिलीची २७ इंच भरली, दुसरीची साडेएकोणतीस. पुढचा भाग दोघींचा जवळजवळ सारखाच होता, फरकाचे अडीच इंच सगळे मागे होते. एकीची बैठक सपाट होती आणि दुसरीची भरलेली. घेर मोजणारी टेप हे सांगत नाही, कारण तिला ४० इंच पुढे-मागे कसे वाटले गेले आहेत याच्याशी कर्तव्य नसते.

म्हणून मी आता पहिली पँट मांजरपाटाचीच शिवून घेते, आणि कापडावर पेन्सिलीने तीन रेघा मारायला लावते. एक सीटच्या ठिकाणी आडवी, दुसरी गुडघ्याच्या ठिकाणी आडवी आणि तिसरी प्रत्येक पायाच्या मधोमध, उभ्या धाग्याबरोबर. मोठ्या टाक्याची कच्ची शिवण घालायची, कमरेचा पट्टा लावायचा नाही, नुसते इलॅस्टिक बांधायचे. मग दुसरीने बाजूला उभे राहून पाहायचे. सीटची रेघ जमिनीला समांतर असली पाहिजे. ती मागे वर चढली असेल, तर मागच्या आसनाला कापड कमी पडते आहे आणि शरीर ते खालून ओढून घेते आहे. ती मागे खाली झुकली असेल, तर तिथे कापड जास्त आहे. बाजूची शिवण ओळंब्यासारखी सरळ खाली आली पाहिजे. ती पुढे वळली तर पोटाला कापड हवे आहे, मागे वळली तर बैठकीला हवे आहे. बाजूच्या शिवणीचा एवढा उपयोग जरूर करावा. ती पाहावी, वाचावी, आणि हात तिला सर्वांत शेवटी लावावा.

सुरकुत्यांचेही असेच आहे. ताणलेली सुरकुती बाणासारखी असते, ती जिथून निघते तिथे कापड कमी असते. सैल सुरकुती म्हणजे नुसती पडलेली घडी, तिथे कापड जास्त असते. हा फरक डोळ्यांनी कळला नाही तर बोटांनी कळतो. सुरकुती चिमटीत धरून पाहावी. ती सहज धरता आली तर कापड जास्त, आणि धरताना आजूबाजूचे कापड खेचले गेले तर कमी. बैठकीखालच्या घड्यांच्या बाबतीत ही परीक्षा फार महत्त्वाची आहे, कारण त्या दोन्ही कारणांनी पडतात आणि आरशात सारख्याच दिसतात.

भरलेल्या बैठकीसाठी कागदी कटिंगमध्ये काय करायचे ते आधी सांगते. मागच्या भागाचा कागद सीटच्या रेघेवर मागच्या मध्यापासून बाजूच्या शिवणीपर्यंत कापायचा, पण बाजूच्या कडेला बिजागरीसारखा किंचित जोडलेला ठेवायचा, आणि मध्याकडे लागेल तेवढा, समजा पाऊण इंच, उघडायचा. खाली दुसरा कागद चिकटवायचा. यामुळे मागच्या मध्याची लांबी वाढते आणि बाजूची तेवढीच राहते, म्हणून पुढच्या भागाशी जोडताना अडचण येत नाही. एवढ्याने भागले नाही, तर पायांमध्ये जाणारे आसनाचे टोक अर्धा इंच बाहेर वाढवायचे आणि आतल्या शिवणीवर ती वाढ गुडघ्यापर्यंत कमी करत आणायची. सीट ४० असेल तर पुढचे टोक दोन-अडीच इंचांचे असते आणि मागचे साधारण त्याच्या दुप्पट. शरीराची पुढून मागे जी जाडी आहे, ती या दोन टोकांत मावायची असते. सपाट बैठकीला नेमके उलटे करायचे, म्हणजे त्याच जागी पाचरीच्या आकाराची घडी घालून कागद कमी करायचा आणि टोक आत घ्यायचे.

शिवून झालेल्या पँटीत मात्र कागदासारखी पाचर घालता येत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकींचा प्रश्न शिवून झालेल्या पँटीचाच असतो. जास्त लांबी काढणे त्यातल्या त्यात सोपे आहे. पट्टा मागच्या बाजूने उसवावा, घड्या नाहीशा होईपर्यंत पँट मागून वर उचलावी, पट्ट्याची नवी रेघ आखून वरचे कापड कमी करावे. कमी लांबी वाढवायची असेल तर मागच्या आतल्या शिवणीत आणि कमरेच्या कडेला माया सोडलेली असली पाहिजे. आपल्या भाषेत शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो. मागच्या आतल्या शिवणीला आणि मागच्या मध्याला एक-एक इंच माया सोडा, वर कमरेशी दीड इंच सोडा. पाव मीटर कापड वाचवण्यासाठी ती कापून टाकू नका.

पुरुषांच्या पँटी शिवणाऱ्या जुन्या कारागिरांकडून आपण एक गोष्ट उचलली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. त्यांनी शिवलेली पँट उलटी करून पाहा. कमरेचा पट्टा मागे मधोमध जोडलेला असतो, आणि आसनाची शिवण पट्ट्यासकट खालून वर जाते. प्रत्येक पायाला अर्धा-अर्धा पट्टा आधी लावायचा आणि मागचा मध्य सर्वांत शेवटी जोडायचा, अशी ती रीत आहे. त्यामुळे गिऱ्हाइकाचे वजन वाढले किंवा उतरले तरी एकच शिवण उसवून कंबर आणि बैठक दोन्ही नीट करता येतात. आपल्या घरगुती शिवणकामात पट्टा अखंड लावण्याची सवय आहे, त्यामुळे कंबर अर्धा इंच कमी करायची तरी पूर्ण पट्टा उसवावा लागतो, आणि ते नको म्हणून आपण बाजूच्या शिवणीकडे वळतो. बाईच्या शरीरात तर बाळंतपणाने, वयाने, आजारपणाने किती बदल होतात. तिच्या पँटीला ही सोय आधी हवी होती.

आसन रुतते म्हणून ते खोल कापण्याची चूक फार होते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगते. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खोल कापलेला ब्लाउज आठवा. हात वर केला की सगळा ब्लाउज वर येतो. आसन खाली गेले की पँटीचे तेच होते. जिना चढताना पाय उचलला की मांडीवर कापड ताणते, आणि मांडी घालून बसणे तर अशक्य होते. खुर्चीवर बसून चाचणी घेणे आपल्याला पुरेसे नाही. जेवायला, पूजेला, निवडणे-टिपणे करायला आपण जमिनीवर बसतो, तेव्हा कच्च्या शिवणीची पँट घालून मांडी घालून बसा, उकिडवे बसा, मग काय ते ठरवा. रुतणारे आसन सैल करायचे असेल तर बहुतेक वेळा वळण खाली न नेता मागच्या बाजूला न्यावे लागते, विळ्याच्या पात्यासारखे थोडे अधिक पोटाचे करावे लागते. एका वेळी एक सूतच, म्हणजे इंचाचा आठवा भाग. नवी शिवण घालायची आणि जुन्या शिवणीचे टाके उसवायचे. वळणाच्या तळाशी माया पाव इंचाच्या थोडी वर ठेवून बाकीची कापायची, कारण तिथली रुंद माया वळत नाही, आत ताठ उभी राहते आणि चांगले बेतलेले आसनही रुतवते. अनेकदा एवढी माया कापल्यानेच तक्रार मिटते, म्हणून आधी ते करून पाहावे. पण मागच्या मध्याचा सरळ भाग आणि आतल्या शिवणीची माया मात्र कापू नये.

पोट पुढे असेल तर पुढच्या मध्याची वरची कड अर्धा इंच उंच ठेवावी आणि पुढचे टक्स, म्हणजे आतून शिवलेल्या निमुळत्या चुण्या, घालू नयेत. पोट सपाट दिसावे म्हणून टक्स घालणे हा उलटा उपाय आहे, कारण टक्स कापडाला त्याच्या टोकाशी फुगवटा देतो. पोटरी भरलेली असेल तर निमुळती पँट पोटरीवर अडकते आणि तिच्या वर, अगदी बैठकीपर्यंत, घड्या पडत जातात. आतली शिवण गुडघ्याखाली उसवून पाहावी. घड्या तेवढ्याने गेल्या तर आसनाला हातही लावू नये, पोटरीला माया सोडून द्यावी.

कापडाचेही थोडे सांगायला हवे. पाण्यातून न काढलेले सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरामागे तीन ते पाच इंच आटू शकते. ३८ इंच उंचीच्या पँटीत तीनच्या हिशेबानेही ते इंचापेक्षा जास्त होते, आणि आसनाची लांबीही त्याच प्रमाणात आटते. कालपर्यंत बसणारी पँट पहिल्या धुण्यानंतर रुतू लागते ती यामुळे. कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. लायक्रा असलेले कापड बसायला सोपे वाटते, पण मांजरपाटावर बसवलेले कटिंग त्याला जसेच्या तसे चालत नाही. ते घेराने पाऊण-एक इंच कमी करावे लागते, आणि असे कापड बहुधा आडवेच ताणते, म्हणून आसनाची लांबी मात्र कमी करायची नाही.

मोहरी दुमडण्याआधी पँट एक रात्र कमरेला क्लिपा लावून टांगून ठेवावी. मांडीची आतली शिवण थोडी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, असते, ती वजनाने किंचित उतरते. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या चपला घालून उभे राहावे आणि उंचीची खूण दुसरीकडून करून घ्यावी. स्वतः वाकून टाचणी लावली की मागची कंबर खाली ओढली जाते आणि एक पाय हमखास आखूड होतो. ज्यांनी आपापल्या पँटी बरोबर आणल्या आहेत त्यांनी त्या आता उलट्या करून मागच्या मध्याची माया मोजावी. ज्यांच्याकडे अर्धा इंच किंवा त्याहून जास्त असेल, त्यांच्या पँटीपासून आपण सुरुवात करू.