पत्त्याची बाजू

श्रोतेहो, नमस्कार. जुने पोस्टकार्ड हाती आले की आपण मजकूर वाचतो आणि कार्ड बाजूला ठेवतो. पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने आधी पत्त्याची बाजू वाचावी. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, त्यामुळे तो असेल तर कार्ड त्यानंतरचे, आणि कार्ड कोठून केव्हा निघाले हे शिक्का सांगतो.

आमच्या घरी तारेला ओवलेल्या पत्रांत एक कार्ड सापडले. आजोबांच्या थोरल्या भावाने ते वाईहून शनिवार पेठेच्या पत्त्यावर धाडले होते. मधोमध तारेचे भोक, शाई विटलेली, आणि मजकूर एवढाच : 'वर्तमानपत्रात पुण्याचे वाचले. सर्व सुखरूप असल्याचे उलट टपाली कळवावे.' शिक्का जुलै 1961 चा. त्या 12 जुलैला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि नदीकाठच्या पेठांचे काय झाले, हे पुणेकर श्रोत्यांना मी सांगायला नको. (घरची कागदपत्रे पुरात गेली, असे पुण्यात अनेक घरांत सांगतात, त्यांतली निम्मी आपणच पुढे रद्दीत घातली, असे माझे स्पष्ट मत आहे.)

पुरानंतर सगळे शाळेतल्या छावणीत राहिले, असे आम्ही ऐकत आलो होतो. पत्त्याची बाजू मात्र वेगळे सांगत होती. शनिवार पेठेचा पत्ता लाल शाईने खोडून पोस्टमनने शेजारी भवानी पेठेतला पत्ता लिहिला होता, आणि 'मार्फत' म्हणून एक आडनाव, जे आमच्या नात्यात नव्हते आणि जातीतही नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाईंना कार्ड दाखवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाल्या, "अरे, हे दादांच्या छापखान्यातले कंपोझिटर. गोखलेनगरात जागा मिळेपर्यंत आपण ह्यांच्याच माळ्यावर होतो. तुझा काका तिथेच जन्मला. वाईला आजीचे सोवळे कडक, म्हणून छावणी सांगायची असे ठरले."

पुराविषयी आत्याबाईंना मी पूर्वी अनेकदा विचारले होते. त्या दर वेळी पाण्याचेच सांगत. पत्त्याची बाजू समोर धरली, तेव्हा घर निघाले. म्हणून पुन्हा सांगतो, वडीलधाऱ्यांना नुसते विचारू नका, कार्ड हाती देऊन विचारा, आणि पत्त्याची बाजू वर ठेवून द्या. दोन्ही बाजूंची छायाचित्रे मात्र आधी काढावीत, आणि कार्डाला लॅमिनेशन कदापि करू नये.

काकांच्या जन्माच्या नोंदीत कोणता पत्ता आहे हे पाहण्यासाठी महापालिकेकडे अर्ज केला आहे.