व्हॉल्व्ह बदलण्याआधी

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, व्हॉल्व्हचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांचा, अॅम्प्लिफायर बिघडला की बहुतेक जण आधी नवे व्हॉल्व्ह मागवतात. स्लोव्हाकियातून, रशियातून, चीनमधून येतात, महाग पडतात. महिन्याभरात तेही जातात, आणि मग ‘आता पूर्वीसारखा माल येत नाही’ असं बोललं जातं. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. व्हॉल्व्ह बऱ्याचदा दुसऱ्याच्या दोषाने मरतो. तो दुसरा कोण, हे मीटर लावून आधी शोधा.

पण त्याआधी जिवाची काळजी. या पेटीत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही ते वीज साठवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये टिकून राहतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स घ्या, त्याला नीट इन्सुलेशन असलेल्या वायर जोडा आणि कंडेन्सरच्या प्लसपासून चासीपर्यंत, म्हणजे पेटीच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, काही सेकंद धरून ठेवा. मग मीटरने खात्री करा, आणि खात्री झाल्याशिवाय बोट आत घालू नका. चालू सेटवर मोजताना एक हात पाठीमागे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय सेट कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता आवाजाकडे येऊ. घूं अशी गुणगुण ऐकू येते, ती कुठली हे आपल्या भागातल्या माणसाला कानानेच ओळखता यायला हवं. मिरजेत तंतुवाद्यं घडतात, अब्दुल करीम खाँसाहेबांनी तिथेच घर केलं, तानपुरा कसा लागतो हे इथे लहान पोरालाही कळतं. आपली लाइन ५० हर्ट्झची. रेक्टिफायर एसीची डीसी करतो, त्यानंतर उरणारा चढउतार, म्हणजे रिपल, १०० हर्ट्झचा. पांढरी एकच्या षड्जाला जुळवलेल्या तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झवर असते. म्हणजे हा रिपल गाळणारा फिल्टर कंडेन्सर सुकला की जी गुणगुण येते, ती त्या पंचमाच्या किंचित वर बसते. गाणं चालू असताना ती लपते, पण तानपुरा एकटा वाजत असताना पंचम सुरात असूनही अस्थिर, थरथरता वाटतो. असा पंचम कानाला खटकला तर फिल्टर कंडेन्सर तपासा. त्याहून एक सप्तक खाली, जाड घुमणारी ५० हर्ट्झची गुणगुण आली तर हीटरची (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची) वायरिंग, अर्थिंग किंवा इनपुटच्या केबलची जाळी पाहा. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर गुणगुण थांबली, तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे, इनपुटच्या बाजूला आहे. तशीच राहिली तर पुढच्या भागात शोधा.

खरखर किंवा एका बाजूचा आवाज कमी, यावर सोपी चाचणी आहे. सेट बंद करून, थंड होऊ देऊन, डावीकडचा आणि उजवीकडचा व्हॉल्व्ह अदलाबदल करा. दोष बाजू बदलून गेला तर व्हॉल्व्ह खराब. तिथेच राहिला तर व्हॉल्व्हला दोष देऊ नका. निम्म्या वेळा सॉकेटच्या सैल पिना आणि सुटलेला सोल्डरचा डाग निघतो. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर मात्र आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह संपला.

आता मूळ गुन्हेगाराकडे. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडपासून प्लेटकडे इलेक्ट्रॉन जातात, आणि मधली ग्रिड त्यांना आवरते. आधीच्या टप्प्याच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत एक छोटा कपलिंग कंडेन्सर असतो. त्याने आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायची. जुन्या कागदी कंडेन्सरमध्ये दमट हवा मुरते, आणि मग तो डीसी झिरपू देतो. ग्रिडवर थोडे प्लस व्होल्ट आले की व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढायला लागतो, प्लेट लाल होते, आणि व्हॉल्व्ह जातो. आपण नवा घालतो. कंडेन्सर तोच राहतो.

ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हचं उदाहरण घ्या. त्याची प्लेट जास्तीत जास्त १२ वॅट सोसते. समजा कॅथोडला २७० ओहमचा रेझिस्टन्स आहे. त्याच्या दोन टोकांत १०.८ व्होल्ट मिळाले, तर करंट ४० मिलिअँपिअर. प्लेट आणि कॅथोडमध्ये ३०० व्होल्ट असतील तर तिथे १२ वॅट होतात. यात स्क्रीनचा, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचा, करंटही मोजला गेलाय, म्हणजे प्लेटवर थोडे कमीच. चालण्यासारखं आहे. पण तेच १६ व्होल्ट झाले तर करंट ६० च्या आसपास जातो. एवढं व्हॉल्व्हला पेलणार नाही, सेट ताबडतोब बंद करा.

मग दोष कुणाचा? आउटपुटचे व्हॉल्व्ह काढा, सेट चालू करा आणि सॉकेटच्या ग्रिड पिनवर डीसी मोजा. ईएल८४ मध्ये ती २ नंबरची पिन, ईएल३४ मध्ये ५ नंबरची. शून्य हवं. एखादा व्होल्ट जरी प्लस दिसला तरी कंडेन्सर बदला. चाचणी लवकर उरका, कारण व्हॉल्व्ह काढल्यावर पुरवठ्याचा व्होल्टेज चढतो आणि फिल्टर कंडेन्सरवर ताण येतो.

एक गोष्ट आपल्या विजेबद्दल. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे लाइनच्या व्होल्टेजनुसार निवडायची जोडणी, २२० वर असतो आणि रात्री उशिरा लाइन २४५ पर्यंत चढते. तेव्हा हीटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात, आणि कॅथोड लवकर झिजतो. सेटला २४० चा टॅप असेल तर जोडणी तिथे बदला.

शेवटी महापुरात भिजलेले सेट. २००५, २०१९, २०२१. नदीकाठच्या घरांत भिजलेले सेट अजून माळ्यावर ठेवलेले आहेत. ते टाकू नका, पण ‘बघूया चालतो का’ म्हणून प्लगही लावू नका. गाळ धुवा, चासी अनेक आठवडे कोरड्या उबेत ठेवा, मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासा. कागदी आणि फिल्टर कंडेन्सर सगळे नवे घाला. पहिल्यांदा चालू करताना व्हॉल्व्ह सगळे काढलेले असावेत, आणि लाइनमध्ये सिरीजला ६० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर वाचला आहे, पुढचं काम हाती घ्या. लख्ख पेटत राहिला तर ट्रान्सफॉर्मर शॉर्ट आहे. तो पुन्हा वाइंड करून घ्यावा लागेल, आणि तोवर व्हॉल्व्ह कापडात गुंडाळून बाजूला ठेवा.