हॉस्पिटल स्टुअर्डची रोजनिशी: एक लेखणी, दोन व्यवस्था

आज ज्या रोजनिशीबद्दल बोलायचं आहे, ती ना सेनापतीची आहे ना सर्जनची. स्पेन्सर बोन्सॉल अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडच्या ८१व्या पेनसिल्व्हेनिया पायदळ रेजिमेंटचा हॉस्पिटल स्टुअर्ड होता. त्याआधी तो आसामात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहामळ्यांवर अधीक्षक होता, म्हणजे दलदलीतला हिवताप त्याला नवा नसणार. त्याची रोजनिशी मार्च १८६२ ते मार्च १८६३ या वर्षाची आहे. नेमक्या याच वर्षात सैन्याची वैद्यकीय व्यवस्था मुळापासून बदलली. माणूस तोच, रेजिमेंट तीच, पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या नोंदींच्या मागे दोन वेगळ्या व्यवस्था उभ्या आहेत. ही रोजनिशी वाचायची ती त्यासाठी.

स्टुअर्ड म्हणजे काय, ते आधी पाहू. कागदोपत्री हजार माणसांच्या रेजिमेंटला एक सर्जन, एक सहायक सर्जन आणि एक स्टुअर्ड. औषधं बनवणं, साठ्याचा हिशेब, रुग्णांचा शिधा, परिचारकांवर देखरेख आणि वेळ पडली तर दात उपटणं, हे सगळं स्टुअर्डकडे. सकाळी बिगुल वाजला की सार्जंट आपल्या कंपनीतल्या आजाऱ्यांना घेऊन तंबूसमोर येई. सर्जन जीभ बघे, नाडी बघे आणि औषध सांगे. खल-बत्ता, तराजू आणि गोळ्या वळण्याची फरशी मात्र स्टुअर्डच्या हाती.

त्या पेटीत काय असे? हिवतापाला क्विनीन. ते इतकं कडू की शिपाई थुंकून टाकत, म्हणून व्हिस्कीत कालवून पाजत; मग रांग आपोआप वाढे. जुलाबाला अफूची गोळी. डोव्हरची पूड, तिच्या १० ग्रेनमध्ये १ ग्रेन अफू आणि १ ग्रेन इपेकाक, म्हणजे उलटी आणणारी एक मुळी. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. ‘ब्लू मास’ ही गोळी तर एक तृतीयांश पारा. कॅलोमेल हेही पाऱ्याचंच संयुग. ते जास्त दिवस दिलं की लाळ गळायला लागे, हिरड्या सुजत, दात हलत, कधी गालाचं मांसही सडे. सैन्याच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख, सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी मे १८६३ मध्ये कॅलोमेल पुरवठ्याच्या यादीतून काढलं, तेव्हा डॉक्टरांनीच बंड केलं. पुढच्या वर्षी लष्करी न्यायालयासमोर उभं करून हॅमंडना बडतर्फ करण्यात आलं. आरोप पुरवठ्याच्या खरेदीचे होते, पण त्यामागे वैर होतं हे उघड आहे.

आता १८६२चा वसंत. उत्तरेच्या जनरल मॅकक्लेलनचं ‘पोटोमॅक सैन्य’ व्हर्जिनियाच्या द्वीपकल्पात, चिकाहॉमिनी नदीच्या चिखलात अडकलं होतं. ८१व्या रेजिमेंटचा कर्नल जेम्स मिलर फेअर ओक्सच्या लढाईत मारला गेला. जखमींचं काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रुग्णवाहिका वैद्यकीय खात्याच्या हाताखाली नव्हत्या, त्या रसद खात्याच्या होत्या. बऱ्याच दोनचाकी. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की आडवा पडलेला जखमी दुसऱ्या बाजूला फेकला जाई, आणि मांडीचं हाड मोडलेलं असेल तर कल्पनाच करा. हाकणारे बहुधा भाड्याचे गाडीवान. तोफ वाजली की पळत आणि पळताना रुग्णांसाठीची दारू पीत. प्रत्येक रेजिमेंटचं इस्पितळ स्वतंत्र, त्यामुळे दुसऱ्या रेजिमेंटचा जखमी दाराशी आला तर त्याला घ्यायचं की नाही यावर वाद. एका तंबूत डॉक्टर रिकामे बसलेले, तर शेजारच्या तंबूबाहेर जखमींची रांग. २९ जूनला सॅव्हेज स्टेशनवर सुमारे २,५०० आजारी-जखमी मागे सोडून सैन्याला हटावं लागलं.

जुलैच्या सुरुवातीला जोनाथन लेटरमन यांनी पोटोमॅक सैन्याची वैद्यकीय सूत्रं हाती घेतली. त्यांची पहिली कामं ऐकायला अगदी साधी वाटतील. विहिरी खणा. कांदे, बटाटे, कोबी, टोमॅटो आणा, कारण स्कर्व्ही पसरलाय. स्वयंपाक प्रत्येकाने आपापल्या तव्यावर न करता कंपनीचा एकत्र करा. डुकराच्या चरबीत तळलेली कडक बिस्किटं हे जुलाबाचं एक मोठं कारण होतं. शौचाच्या चरांवर रोज संध्याकाळी माती टाका. शस्त्रक्रियेत काही न बदलता एवढ्यानेच आजाऱ्यांची संख्या खाली आली. या युद्धात उत्तरेचे जितके सैनिक गोळीने मेले, त्याच्या जवळपास दुप्पट रोगाने मेले. म्हणून करवतीपेक्षा फावड्याने जास्त जीव वाचवले, असं मी म्हणतो.

२ ऑगस्टच्या हुकुमाने रुग्णवाहिका दल वेगळं झालं. गाड्या आणि ठरलेली, शिकवलेली माणसं आता वैद्यकीय अधिकाऱ्याच्या ताब्यात आली. गाडीत स्ट्रेचर, पाण्याचं पिंप, बैठकीखालच्या पेटीत गोमांसाचा अर्क, भांडी, कंदील. ऑक्टोबरअखेर रेजिमेंटऐवजी डिव्हिजनचं, म्हणजे अनेक रेजिमेंटांच्या मोठ्या तुकडीचं, एकत्र इस्पितळ ठरलं. शस्त्रक्रिया कोणी करायची हे हुद्द्यावर न ठरता हातावर ठरू लागलं: डिव्हिजनमधले तीन कुशल सर्जन निवडायचे, प्रत्येकाला तीन सहायक. एक डॉक्टर फक्त नोंदी ठेवणार, एक फक्त अन्न आणि निवारा बघणार.

याची परीक्षा १३ डिसेंबर १८६२ला फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत झाली. मेरीज हाइट्स या टेकडीवरच्या हल्ल्यात ८१व्या रेजिमेंटने निम्म्याहून जास्त माणसं गमावली. दगडी भिंतीसमोर पडलेल्यांपर्यंत गोळीबारामुळे पोचता येईना, ते तिथेच राहिले. पण जिथे हात पोचत होता तिथले जखमी अंधार पडल्यावर उचलून आणले गेले, पुढे रेल्वेने अक्विया क्रीकच्या धक्क्यावर आणि तिथून बोटीने वॉशिंग्टनला.

टेबलावर मात्र फारसं बदललं नव्हतं. त्या काळची ‘मिनी’ नावाची रायफलची गोळी मऊ शिशाची, हाडावर आदळली की पसरे आणि हाडाचा चुरा करी. मग रक्त थांबवायला स्क्रूचा पट्टा (टूर्निके) आवळायचा, बेशुद्ध करायला नाकापासून थोडं अंतर ठेवून क्लोरोफॉर्मचा कापडी शंकू धरायचा. चिकटवून धरला तर हवा मिसळत नाही आणि हृदय बंद पडू शकतं. ईथरपेक्षा क्लोरोफॉर्म पसंत होतं, कारण ते थोडं पुरतं, लवकर चढतं आणि मेणबत्तीजवळ पेट घेत नाही. सुरीने मांस कापायचं, ते कापडाने मागे ओढायचं, करवत चालवायची, रोहिण्या रेशमी दोऱ्याने बांधायच्या. दोऱ्यांची टोकं लांब सोडून जखमेबाहेर लोंबत ठेवत आणि रोज हलकेच ओढून बघत; शिरेचं टोक कुजलं की दोरा सुटून येई. घात व्हायचा तो स्पंजाने. एकाची जखम पुसून तोच स्पंज बादलीत पिळायचा आणि पुढच्याला लावायचा. जखमा जंतुनाशकाने स्वच्छ ठेवण्यावरचे लिस्टर या सर्जनचे निबंध अजून पाच वर्षं दूर होते. तरीही जखमेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत अवयव कापलेल्यांपैकी साधारण चारात एक मरे आणि काही दिवस उशीर झाला तर तीनात एक. लवकर पोचणारी गाडी हीच औषधाचं काम करत होती, ती अशी.

अशी रोजनिशी वाचताना एक काळजी घ्या. तिच्यातल्या आजाऱ्यांच्या आकड्याला सैन्याच्या मासिक तक्त्याशी सरळ जुळवू नका. तक्त्यात माणसं नव्हे, आजारपणं मोजली आहेत. एकच शिपाई उन्हाळ्यात तीनदा जुलाबाने पडला तर तिथे तो तीनदा येतो. उत्तरेच्या सैन्यात जुलाब-आमांशाच्या सोळा लाखांहून जास्त नोंदी आहेत, त्या अशा साठलेल्या. आणि सौम्य आजारात जो तंबूसमोरच्या रांगेत आलाच नाही, शेकोटीपाशी स्वतःच काढा करून प्यायला, तो तक्त्यात सापडत नाही. सापडलाच तर एखाद्या शिपायाच्या वहीतच.