दोन सुरांचा मॉडेम

(माहितीपटाचे निवेदन. पडदा काळा. फक्त पॅकेटचा आवाज.)

कानाला ही क्षणभराची खरखर वाटते. पण या अर्ध्यापाऊण सेकंदात एक अख्खा निरोप येऊन गेला आहे. पाठवणाऱ्याचे कॉलसाइन, म्हणजे त्याच्या केंद्राचे ओळखनाव, घेणाऱ्याचे कॉलसाइन, मजकूर आणि तो शाबूत पोहोचला की नाही हे ताडून पाहण्यासाठी सोळा बिटांचा पडताळा, एवढे सगळे त्यात आहे. हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, याला पॅकेट म्हणतात. यात सूर दोनच आहेत, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा. मात्र एक सूर म्हणजे शून्य आणि दुसरा म्हणजे एक, असा सरळ हिशेब इथे नाही. सूर बदलला तर शून्य, आहे तोच राहिला तर एक. बिटांचे सूर आणि सुरांचे पुन्हा बिट करतो तो मॉडेम.

टेबलाच्या कडेला झाकण काढून ठेवलेला हा डबा टीएनसी, म्हणजे टर्मिनल नोड कंट्रोलर, या नावाने ओळखला जातो. १९७८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हॅम मंडळींनी पॅकेट पहिल्यांदा हवेत सोडले आणि पुढे अमेरिकेतल्या टक्सन शहरातल्या गटाने १९८५ मध्ये टीएनसी-२ आणला, ज्याच्या पोटात झेड-८० प्रोसेसर होता. सूर ओळखणे, बिट जुळवणे, पडताळा काढणे ही सारी कामे तो डबा करी आणि संगणकाच्या वाट्याला फक्त अक्षरे दाखवण्याचे काम उरे. जर्मनीतल्या बायर्न प्रांतातल्या हौशी मंडळींनी ही वाटणी उलटी केली : त्यांच्या बेकॉम मॉडेममध्ये सूर ओळखणारी एक चिप तेवढी ठेवली आणि बाकीचे डोके संगणकाला लढवायला लावले. मग ती चिप तरी कशाला हवी, हा प्रश्न यायचाच होता.

त्याचे उत्तर प्रत्येक संगणकात आधीपासून बसलेले होते. साउंडकार्ड आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेते, म्हणजे सेकंदाला बाराशे या गतीने येणाऱ्या प्रत्येक बिटाच्या वाट्याला ४० नमुने येतात. तेवढ्या वेळात खालच्या सुराची एक लाट पुरी होते आणि वरच्या सुराच्या दोनही पुऱ्या होत नाहीत. एवढ्याशा फरकावरून सूर ओळखायचा, हे निव्वळ गणिताचे काम आहे. स्वित्झर्लंडचे थॉमस सेलर यांनी लिनक्ससाठी आणि ग्रीसचे जॉर्ज रॉसोपुलॉस यांनी विंडोजसाठी ते गणित लिहिले. या लॅपटॉपवर चालू आहे तो जॉन लँगनर यांचा डायर वुल्फ हा प्रोग्रॅम, ज्याची मूळ संहिता कोणीही उघडून वाचू शकतो. डब्यातली चिप वाचता येत नाही; आम्हाला हा फरक किमतीतल्या फरकाहून मोठा वाटतो.

आता या हातांकडे पाहा. यूएसबी साउंडकार्डाच्या या चिपला प्रत्येक बाजूस बारा पाय आहेत आणि दोन पायांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचे अंतर आहे. तेराव्या पायाला केसासारखी तार डागायची आहे, कारण आवाज पाठवण्याआधी रेडिओचे पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठी दाबायचे, बटण कोणीतरी दाबायला हवे आणि ते काम हा पाय एका ट्रान्झिस्टरच्या मदतीने करतो. शेजारी दिसणारा छोटा ट्रान्सफॉर्मर संगणक आणि रेडिओ यांच्या विजेच्या जमिनी (ग्राउंड) वेगळ्या ठेवतो. तो नसेल तर निरोपासोबत घूं असा आवाजही प्रक्षेपित होण्याची भीती असते. पहिला डाग फसला. दुसऱ्या वेळी श्वास रोखून धरलेला दिसतो आहे.

जुळणी झाली, तरी पहिल्या संध्याकाळी पडद्यावर एकही ओळ उमटली नाही. स्पीकरमधून पॅकेट स्वच्छ ऐकू येत होती. दोन तासांनी कारण सापडले : लॅपटॉपमध्ये माइकचा आवाज ‘सुधारणारी’ सोय चालू होती आणि ती इमानेइतबारे प्रत्येक पॅकेट गोंगाट समजून पुसून टाकत होती. ती बंद केली, स्क्वेल्च, म्हणजे संदेश नसताना रेडिओची खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडला आणि आवाजाची पातळी पन्नासच्या आसपास आणली, तेव्हा पहिली ओळ आली. संगणकाच्या सूचनांचे टिंग-टाँगही बंद करावे लागतात, नाहीतर तेही हवेत जातात.

आणि ही गच्ची. स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून केलेली यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची, अँटेना वायव्येकडे वळलेली आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात हॅम रेडिओ आहे. त्याची पॅकेट सेवा चालू असते तेव्हा तो १४५.८२५ मेगाहर्ट्झवर ऐकलेले पॅकेट त्याच कंपनसंख्येवर पुन्हा पाठवतो. स्थानक क्षितिजावर आल्यापासून मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटे मिळतात.

(येथे निवेदन नाही. रेडिओची खरखर, मग पॅकेट. लॅपटॉपचा पडदा जवळून.)

वरच्या ओळी दूरदूरच्या केंद्रांच्या आहेत. खालून तिसऱ्या ओळीत या गच्चीवरचे कॉलसाइन आहे आणि त्याच ओळीत आरएस-झिरो-आयएसएस या स्थानकाच्या कॉलसाइनपुढे एक तारा उमटला आहे. निरोप वर जाऊन परत आल्याची ती खूण.

प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि २००१ च्या भुजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले तेव्हा अशाच परवानाधारक हॅमनी निरोप पोहोचवले होते.

स्थानक आग्नेयेला उतरले आहे. टेपची पाती एकेक करून दुमडली जात आहेत. पुढची फेरी दीड तासाने आहे, पण ती आकाशात बरीच खालून, समोरच्या इमारतीआडून जाणार आहे.