मग हसायचं कोणाबरोबर?

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी इथे न्यू जर्सीत आपल्या मंडळाच्या गणपतीच्या तयारीची बैठक झाली. यंदा पार्किंगच्या मैदानात सिनेमा दाखवायचा, तोही गाडीत बसूनच बघायच्या जुन्या ड्राइव्ह-इनसारखा, असं ठरत होतं. पडदा एक आणि आवाज ज्याच्या त्याच्या गाडीतल्या रेडिओवर, हे मुलांना समजावून सांगितलं जात होतं. नऊ वर्षांच्या एका मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हसायचं कोणाबरोबर?" बैठक लगेच प्रसादाच्या यादीकडे वळली. प्रश्न तिथेच पडून राहिला. मला तो काही सोडत नाही.

आपल्यातले निम्मे बडोद्याचे. दादासाहेब फाळके ज्या गावच्या कलाभवनात शिकले, त्या गावचे. दांडिया बाजार म्हटलं, रावपुरा म्हटलं, की पुढचं सांगावं लागत नाही: दोन बांबूंना ताणलेला पडदा, आणि आरती संपायच्या आत जागा अडवणाऱ्या सतरंज्या. पडद्यामागे बसणाऱ्यांना नावं उलटी दिसायची, तरी तिथेही गर्दी. १६ मिलिमीटरच्या फिल्मचं १,६०० फुटांचं रीळ ४४ मिनिटं चालायचं. ते संपलं की दिवा लागायचा आणि दुसरं रीळ चढेपर्यंत अख्खी गल्ली झाल्या प्रसंगावर बोलून घ्यायची. तिथे हसायचं कोणाबरोबर, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

आणि हा गाडीतला सिनेमा निघाला तो आपण आज राहतो त्या न्यू जर्सीतच. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसानं रिव्हर्टनमधल्या आपल्या घराच्या अंगणात झाडांना चादर ठोकली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला आणि चादरीमागे रेडिओ लावला. पाऊस आला तर काय होईल, हे बघायला त्यानं बागेचा फवारा गाडीवर सोडला. पुढच्या गाडीमुळे मागच्याला दिसत नाही म्हटल्यावर पुढच्या चाकांखाली ठोकळे घातले. ड्राइव्ह-इनचं सगळं शास्त्र त्या ठोकळ्यांत आहे. मैदानात पंख्याच्या आकाराच्या ओळी आखायच्या आणि प्रत्येक ओळीला मातीचा उतार द्यायचा, म्हणजे गाडीचं नाक वर उचललं जातं आणि नजर पुढच्या टपावरून पडद्यावर जाते. त्याचं पेटंट त्याला १९३३च्या मे महिन्यात मिळालं आणि ६ जूनला कॅम्डनजवळ पहिलं थिएटर उघडलं. गाडीला २५ सेंट, माणशी २५ सेंट. ते तीनच वर्षं चाललं.

आवाजाचं कोडं मात्र सुटलं नव्हतं. कर्णे पडद्यापाशी होते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दीडशे मीटरवरच्या गाडीला संवाद जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा पोचणार, म्हणजे पडद्यावर दहा चित्रं पुढे सरकलेली असणार. ओठ मिटले, मग शब्द आला. मागच्यांसाठी आवाज वाढवला तर पुढच्यांचे कान बसायचे आणि शेजारचं गाव भांडायला यायचं. म्हणून १९४०च्या दशकात खांब आले. दोन गाड्यांमध्ये एक खांब, त्यावर दोन छोटे स्पीकर, आपला उचलायचा आणि अर्ध्या उतरवलेल्या काचेला अडकवायचा. त्या फटीतून डास आत यायचे. पावसात स्पीकरचा कागदी पडदा भिजून आवाज फाटायचा. सिनेमा संपल्यावर स्पीकर काढायला विसरून गाडी हलवली, की वायर तुटायची. पुढे एफएम आला, खांब गेले, काचा बंद झाल्या. आवाज सुधारला हे खरंच, पण ती मुलगी विचारते ते ह्याच टप्प्यावर घडलं, असं मला वाटतं.

१९५८च्या सुमाराला अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटरं होती. पाचशे गाड्यांना दहा-पंधरा एकर जमीन लागते. उपनगरं वाढली, जमिनीचे भाव चढले, त्या जागी मॉल आले. १९६६च्या कायद्यानं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं बहुतेक देशभर लागू झालं, त्यानं तर कंबरच मोडली. जून अखेरीस इथे सूर्य साडेआठला मावळतो, पडद्यावर चित्र उठायला सव्वानऊ वाजतात आणि दुसरा सिनेमा संपेतो मध्यरात्र उलटून जाते. लहान मुलं घेऊन कोण येणार? आज आपल्या राज्यात व्हाइनलंडचं एक उरलं आहे, तेही सतरा वर्षं बंद राहून २००४ साली पुन्हा उघडलेलं. मंडळी, आपण ट्रिपा काढून कुठे कुठे जातो. तिथे मंडळाची एक तरी ट्रिप जायला हवी.

अहमदाबादचं थलतेजचं ड्राइव्ह-इन बडोदेकरांना माहीत आहे. १९७३चं, रस्त्यालाही त्याचंच नाव पडलं. तिथे गाडीत बसतं कोण? गाडीपुढे गादी, गादीवर डबे, टपावर पोरं. गुजरातनं ड्राइव्ह-इन घेतलं आणि त्यातली बंद काच तेवढी काढून टाकली.

आता आपल्या बेताकडे येऊ. सप्टेंबरच्या मध्याला सूर्य सातनंतर थोड्याच वेळात मावळतो. पावणेआठला सुरू केलं, तर दोन तासांचा सिनेमा दहाच्या आत संपतो, आणि दहानंतर आवाजावर निर्बंध असतो. म्हणजे जूनपेक्षा गणपतीच बरे. पडद्याची पाठ पश्चिमेला हवी, नाहीतर संधिप्रकाश थेट पडद्यावर पडेल. १६ फूट बाय ९ फुटांच्या पडद्याला ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. पण उत्साहात कोणी रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर तोच उजेड चौपट जागेत पसरून चित्र फिकं पडेल. १६ बाय ९चा पडदा म्हणजेही शीडच. ताशी चाळीस किलोमीटर वाऱ्यात त्यावर शंभर किलोच्या आसपास ओढ येते. साध्या सुतळीवर भागणार नाही. चारी बाजूंनी दोर आणि वजनं हवीत, आणि वारा वाढला तर पडदा उतरवायचा. घरच्या डीव्हीडीवर किंवा मोबाइलवरच्या वर्गणीवर जाहीर खेळ करता येत नाही, वितरकाची लेखी परवानगी आजच मागायला हवी. उंच गाड्या मागे, छोट्या पुढे. नव्या गाड्यांचे दिवे आपोआप लागतात. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक ओढला की विझतात, ते घरीच तपासून या. दरवर्षी पंगतीची यादी दोन महिने आधी तयार असते आणि मुलांच्या कार्यक्रमाचे दिवे शेवटच्या दहा मिनिटांत शोधले जातात. यंदा तसं होऊ नये.

माझं म्हणणं असं, की पुढे सतरंज्या आणि उघडे स्पीकर, आणि ज्यांना जमिनीवर बसवत नाही त्या काका-काकूंसाठी मागे गाड्या आणि एफएम. विनापरवाना एफएम इथे सुमारे ६० मीटरच पोचतो, आपलं मैदानही तेवढंच आहे. पण ह्यात एक अडचण आहे आणि ती मला पूर्ण सुटलेली नाही. एफएम तत्क्षणी पोचतो. पुढच्या स्पीकरचा आवाज मागच्या ओळीला गाठायला सेकंदाचा सहावा हिस्सा घेतो. काच उघडी ठेवली तर प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येईल. एफएमला मुद्दाम तेवढा उशीर लावता येतो, पण मग चार चित्रांनी ओठ चुकतील आणि मधल्या ओळींना उलटा घोळ होईल. काच लावून घेतली तर आवाज स्वच्छ.

त्या मुलीची आजी मागच्या ओळीत, गाडीत असेल. ही पुढे सतरंजीवर.