रिपोर्टातली चरबी आणि पायातला दम

मंडळी, आधी एक करू. हात छातीवर घडी घाला आणि कशालाही न धरता खुर्चीतून उठा-बसा, तीस सेकंद, कितीदा जमतंय ते मोजा. चक्कर येते किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी बसूनच राहा. झालं? पुढच्या ओळीतल्या काकांचा चौथ्या वेळेला हात आपोआप मांडीवर गेला, बघितलं मी. माझ्या वडिलांचं अगदी तसंच व्हायचं.

वडील तालमीत वाढलेले, कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन मग घरी येणार. आणि 68 व्या वर्षी पाटावरून उठताना आधी हात जमिनीला, मग एक गुडघा, मग दाराची चौकट. "पायात दमच राहिला नाही रं" म्हणायचे. त्याच वेळेला रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, 290 निघालं, पाहिजे 150 च्या आत. जिथं दाखवलं तिथं दोन मिनिटात सांगितलं की तेल-तूप बंद करा, बाकी वयानुसार आहे. आईनं फोडणीच बंद केली, पण चार वेळचा गोड चहा तसाच, रात्रीचा भात तसाच आणि दिवसभर टीव्हीसमोर बैठक, मग आकडा कुठला हलतोय. पायाचं तर कुणी विचारलंच नाही, मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण रिपोर्ट आणि पाय ही एकच गोष्ट होती.

कशी ते बघा. जेवणातली चरबी रक्तातून फिरते, ती उतरवून घ्यायला स्नायूंच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर एक एन्झाइम असतं, लायपोप्रोटीन लायपेज. स्नायू हालला की ते कामाला लागतं, बसून राहिलात की थंडावतं. उतरवलेली चरबी जाळायची जागा म्हणजे स्नायूतल्या पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये निरोगी, अंगानं सडपातळ म्हाताऱ्यांची तरुणांशी तुलना केली, तर म्हाताऱ्यांच्या स्नायूतलं ऊर्जा बनवण्याचं काम सुमारे 40 टक्के कमी भरलं आणि स्नायूत चरबी जास्त सापडली. चरबी आत साठली की इन्सुलिनचं स्नायू ऐकत नाही, साखर आत घेत नाही, मग त्या साखरेचं लिव्हर काय करतं? ट्रायग्लिसराइड बनवतं. म्हणून नुसती फोडणी बंद करून भागत नाही, साखर, गूळ, मैदा, भाताचा ढीग आणि दारू, सगळ्याकडं बघायला लागतं.

आता वय झालं म्हणून सोडून द्यायचं का? अजिबात नाही. बोस्टनमध्ये 1990 साली वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वयाच्या दहा जणांकडून पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, नऊ जणांनी पुरा केला, आठ आठवड्यात मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे!

वडिलांना मी काही नवीन शिकवलं नाही, त्यांची तालमीतली उठ-बैठकच परत दिली, फक्त खुर्चीवरची. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, मग वाढवत नेलं. जेवण झालं की पंधरा मिनिटं रंकाळ्याकडं फेरी, चहा दोनदाच आणि बिनसाखरेचा, रोज डाळ-उसळ, दही, अंडं, कारण स्नायूच्या बांधकामाला प्रोटीन लागतंच. चार महिन्यात आकडा 170 वर आला, पण मला खरा आनंद झाला तो पाटावरून उठताना चौकटीकडं हात गेला नाही त्या दिवशी.

त्या मावशी विचारतायत, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पाय दुखतात, बंद करू का. मावशी, स्वतःहून बंद करू नका, हार्टला ती राखते. काही जणांना खरंच दुखतं, पण कधीकधी कारण थायरॉईड किंवा डी व्हिटॅमिनची कमतरता निघते. डॉक्टरांना सांगा, सीपीके, म्हणजे स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, आणि या दोन्ही तपासण्या करून घ्या, मग डोस किंवा गोळी बदलता येते. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी जा, थांबू नका.