टाळूवर रेंगाळणारा शब्द : ओशट

श्रोतेहो, नमस्कार. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे 'ओशट'. काहींनी तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल, काहींच्या कानावर तो आज पहिल्यांदाच पडत असेल.

लहानपणी एका रविवारी रात्री मी उशिरा घरी आलो. सगळ्यांची जेवणं उरकली होती. पातेल्यातला मटणाचा रस्सा गार होऊन त्यावर पांढरट थर धरला होता. भूक इतकी लागली होती, की मी तो तसाच वाटीत ओतून घेतला. आजी म्हणाली, "अरे, गार नको खाऊस, ओशट लागेल. थांब, ऊन करून देते." मी कसला थांबतोय! दोन घासांतच टाळूला मेण फासल्यासारखं झालं. ओठ एकमेकांना चिकटायला लागले. वर पाणी प्यायलो, तर ते त्या थरावरून नुसतं घसरून गेलं. शेवटी आजीनं लिंबाची फोड हातात दिली, तेव्हा कुठे तोंड सुटलं.

असं का होतं? आपल्या तोंडात ऊब असते साधारण 37 अंशांची, आणि मटणाची चरबी वितळायला 45 अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे ती तोंडात विरघळत नाही, थापली जाते. साजूक तूप मात्र जिभेवर विरघळतं. म्हणूनच पुरणपोळीवर तुपाची धार कितीही सोडा, तिला कुणी ओशट म्हणत नाही. शिरा वनस्पती तुपात केला आणि गार झाला, की मात्र तो ओशट लागतो.

इथे 'तेलकट' हा शब्द चालत नाही. तेलकटपणा डोळ्यांना दिसतो. भज्यांखालचा कागद पारदर्शक झाला, की न खाताही कळतं. ओशटपणा कळायला घास तोंडात जावा लागतो. 'खवट' तर वेगळंच. जुन्या खोबऱ्याचं, शेंगदाण्यांचं तेल बिघडलं की ते खवट. ओशट पदार्थ अगदी ताजासुद्धा असू शकतो. 'वशट' हा ओशटचा जवळचा नातलग. वसा म्हणजे चरबी, त्यावरून वशट. गावाकडे 'वशट' किंवा 'वशाट' म्हटलं, की सरळ सामिष जेवणच समजतात.

आता आंबट, खारट, तुरट हे शब्द ओळीनं म्हणा आणि त्यांच्या शेजारी ओशट ठेवून बघा. किती सहज बसतो! खरं तर आयुर्वेदाच्या सहा रसांत त्याला जागा नाही. तिथे स्निग्ध हा गुण आहे, रस नव्हे. पण 2015 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडलं, की स्निग्धाम्लांची, म्हणजे तेला-चरबीतल्या आम्लांची, स्वतःची अशी एक वेगळी चव असते. त्यांनी तिला 'ओलिओगस्टस' असं नवं नाव दिलं. ही चव जास्त झाली की नकोशी वाटते, असंही त्यांना आढळलं. ते वाचताना मला त्या रात्रीची वाटी आठवली आणि आपल्या भाषेचा फार अभिमान वाटला. हॉटेलात आपण 'फार ऑइली आहे', 'हेवी झालं' म्हणून मोकळे होतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. नेमका शब्द घरातच असताना तो का वापरू नये?

आणि तो फक्त खाण्यापुरता नाही. हात ओशट होतात, तेलाची बरणी ओशट होते, ताटं ओशट होतात. आमच्याकडे तसली ताटं चुलीतल्या राखेनं घासायचे. राखेतला क्षार चरबीला धरतो, साबणासारखा. आजी घासलेल्या ताटावरून अंगठा फिरवून बघायची. अंगठा घसरला, की म्हणायची, "अजून ओशटच आहे," आणि ताट पुन्हा राखेत जायचं. अंगठ्याखाली ताट कर्रकन वाजलं, की मगच ते फळीवर लागायचं.